दहाव्या खिडकीपलीकडचा हातचा

माधव नगरच्या छापखान्याचे सुधाकरराव हसत हसतच जिना चढले. हातात पुढच्या वर्षाच्या पंचांगाचं कच्चं पान होतं, शाई अजून ओली.

"पंत, पुढच्या वर्षी कोजागरीला दूध आटवायचं की नाही ते सांगा बुवा. तुम्ही तर त्या दिवशी वद्य सप्तमी छापायला दिलीय! आमच्या घरचे म्हणाले, सप्तमीचा चंद्र अर्ध्या रात्रीनंतर उगवणार, तोवर पातेलं घेऊन गच्चीवर कोण बसेल?"

यज्ञेश्वरपंतांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. आदल्या दिवशी चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, सगळं जिथल्या तिथे; आणि मधे एकाच दिवशी सप्तमी येऊन बसलेली. परक्याच्या पंगतीत पाहुणा घुसावा तशी.

खिडकीजवळच्या टेबलाशी चारुलता बसली होती. तिला हसू आलं, आणि लगेच ते तिनं गिळलं, कारण त्याच वेळी आतल्या खोलीत भटनागरसाहेब सामानाची यादी करत होते आणि दार उघडं होतं.

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या या दोन खोल्यांच्या कचेरीला पंचांग शाखा म्हणत. ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हा ती संस्थानाची होती. संस्थान विरून मध्यभारत झालं, तेव्हा ती मध्यभारताची झाली. आता एकोणीसशे छप्पनचा ऑक्टोबर चालू होता. एक नोव्हेंबरला मध्यभारतच विरून नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि कोणती कचेरी जगेल, कोणती बुडेल, हे ठरवत भटनागरसाहेब गावोगाव फिरत होते. पंत कायम नोकरीत होते, त्यांना भोपाळला कुठेही टेबल मिळालं असतं. चारुलता हंगामी. दोन वर्षं झाली, सहा-सहा महिन्यांच्या हुकमांवर ती गणक म्हणून काम करत होती. शाखा बुडाली की ती थेट देवास गेटच्या खोलीवर, अक्काजवळ. आणि आकडेमोड करायला आपल्याला कोणी खुर्ची देतं, पगार देतं, याचं तर तिला अजून रोज सकाळी नवल वाटायचं.

भटनागरसाहेब बाहेर आले. "क्या हुआ, पंडितजी? चाँद कहाँ गया?"

पंतांनी आकडेमोडीच्या मशीनवर ठेवलेला रुमाल काढला.

मशीन काळं, जड, बुटकं होतं. वरच्या पाठीवर नऊ फटी आणि प्रत्येक फटीत वरखाली सरकणारी एक खुंटी: शून्यापासून नवापर्यंत हवा तो आकडा लावायचा. उजव्या हाताला दांडा. दांडा एक फेरा फिरवला की लावलेली संख्या खालच्या खिडक्यांत जमा होते. खिडक्या बसवल्या होत्या एका गाड्यावर, आणि तो गाडा एकेक घर उजवीकडे सरकवता यायचा, म्हणजे एकंची भर दहंला, दहंची शतंला. अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेरहून खोक्यातून आलं, तेव्हा भुश्शात हे मशीन होतं, एक तेलाची बुदली होती, आणि माहितीचं पुस्तक नव्हतं. कोणी म्हणे ते जर्मन भाषेत होतं, कोणी म्हणे उंदरांनी खाल्लं.

पंतांनी संख्या लावली. चंद्र रोज सरासरी तेरा अंश आणि वर थोडा चालतो. दशांशाच्या पुढचे सगळे आकडे धरून एक तीन एक सात सहा तीन पाच आठ. कोजागरी गणिताच्या आरंभदिवसापासून सातशे एकोणसाठावा दिवस. पंतांनी गाडा शतंच्या घरी नेऊन सात फेरे दिले, दहंच्या घरी पाच, आणि गाडा मूळ घरी आणून नऊ. खिडक्यांत उत्तर उमटलं. सातशे एकोणसाठ दिवस चालून चंद्र एक अंशही पुढे गेला नव्हता.

"घर के आँगन में ही घूम रहा है," भटनागरसाहेब म्हणाले. सुधाकरराव खो खो हसले.

"साहेब, एक मिनिट, मी करून बघू?" चारुलता उठली. तिनं खिडक्या पुसून शून्य केल्या, तीच संख्या लावली, तिच्या पद्धतीनं दांडा फिरवला. दहा हजार अंश आणि वर थोडं. पूर्ण फेरे वजा केले की चंद्र बरोबर पौर्णिमेच्या घरात.

साहेबांनी यादीत काहीतरी खरडलं. "एक ही सवाल, दो जवाब. मशीन भरोसे की नहीं है. देखिए, मैं साफ बोलता हूँ. मशीन ठीक है तो शाखा उज्जैन में रहेगी, दो गणक रहेंगे. मशीन खराब, तो यह सब कबाड़ में, और पंचांग हम कहीं और से बनवा लेंगे. मुझे इंदौर जाना है. दशहरे के बाद मंगलवार को आऊँगा. तब तक सोच लीजिए."

ते गेले. त्यांच्यामागून सुधाकररावही, आता न हसता.

"लहरी आहे गं हे," पंत मशीनकडे बघून म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. तुझ्या हातावर खूश दिसतंय."

"लोखंड कुणाच्या हातावर खूश होतं, पंतकाका?" चारुलता म्हणाली. "आपण दोघांनी वेगळं काय केलं ते बघू. तुम्ही शतंपासून खाली येता. मी एकंपासून वर जाते."

पंत चिडले नाहीत, पण ताठ झाले. "मोठ्याला आधी मान. आमच्या गुरुजींनी पाटीवर तसंच शिकवलं. पंगतीत आधी पोरांना वाढतं का कोणी? आणि त्यानं बिघडतं म्हणशील तर, हे घे." त्यांनी एकशे आठ लावले, अकरानं गुणले, आधी वरून खाली, मग खालून वर. दोन्ही वेळा अकराशे अठ्ठ्याऐंशी. एकवीस गुणिले एक्कावन्न. दोन्ही वेळा एक हजार एकाहत्तर. एक हजार आठ गुणिले एकशे एक. दोन्ही वेळा तेच. "आठ वर्षं मी दर पाडव्याला कुंकू लावून हेच आकडे तपासतोय. कधी चुकलं नाही. बघ!"

चारुलतानं बघितलं. आकड्यांकडे नाही, पंतांकडे. एकशे आठ, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. या कचेरीत आजवर मशीनला जे जे विचारलं गेलं होतं ते सगळं आहेराच्या पाकिटात घालण्यासारखं होतं.

संध्याकाळी अक्का निवडणं घेऊन उंबऱ्यात बसली होती. अक्का म्हणजे चारुलताच्या वडिलांची मोठी बहीण. चारुलताला वाढवलं ते तिनंच. आयुष्यभर जात्यावर बसून ओव्या रचल्या. आता गिरणी झाली, जातं कोपऱ्यात गेलं, पण ओवी काही सुटली नव्हती. भाजी निवडताना, कुलूप लावताना, कशालाही तिला ओळ सुचायची.

"अक्का, मनात येतील ते आकडे सांग ना. काहीही. विचार न करता."

"पाच," अक्का म्हणाली. "सात. अकरा. एकवीस."

"आणखी."

"नऊ. नवरात्र चालू आहे ना. मग सोळा, सोमवारांचे. छत्तीस, तुझा बाप त्या साली नोकरीला लागला."

चारुलतानं डोक्याला हात लावला. "प्रत्येक आकड्यात तुझं कोणीतरी बसलेलं आहे."

"मग? उगाच कोण आठवेल?"

"मला तेच हवंय, अक्का. उगाच आलेले. ज्यांना कुणी बोलावलं नाही असे. मशीनला आजवर सगळ्यांनी सणासुदीचे प्रश्न विचारलेत. त्याला रोजचे, वाईटसाईट, कसेही प्रश्न विचारले, शेकड्यानं विचारले, तर ते कुठे अडखळतं ते दिसेल. पण माणसानं निवडले की निवड आलीच."

अक्कानं सूप खाली ठेवलं. "मग निवडू नको. कवड्यांना विचार. कवड्यांना नाही नातंगोतं, नाही सणवार."

दसऱ्याच्या सुट्टीत कचेरी बंद असायची. पंतांनी किल्ली द्यायला काचकूच केली, शेवटी दिली, आणि स्वतःच येऊन बसले, "माझ्या मागे तोडफोड नको" म्हणत. चारुलताबरोबर आलेल्या अक्कानं सतरंजीवर पाय दुमडले, कनवटीतून नऊ कवड्या काढल्या, खुळखुळवून टाकल्या. जितक्या उताण्या तितका आकडा. आठ वेळा टाकून आठ आकड्यांची संख्या, तीन वेळा टाकून तीन आकड्यांचा गुणक. चारुलता दोन्ही वाटांनी गुणाकार करायची, आधी पंतांच्या वाटेनं वरून खाली, मग स्वतःच्या वाटेनं खालून वर, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडायची.

"कागदावर करून खरं काय ते नाही बघणार?" पंतांनी विचारलं.

"सगळे गुणाकार कागदावर करायचे तर दिवाळी उलटेल. दोन्ही वाटांनी एकच गाव लागायला हवं, एवढंच बघायचं. जिथे गावं वेगळी निघतील, तिथेच कागद काढायचा."

पंतांना हे आवडलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

चाळीस उदाहरणं झाली. एकही फरक नाही. चारुलता पानावरून बोट फिरवत थांबली. चार, पाच, चार, पाच, सहा, चार. शून्य कुठेच नव्हता. नऊ एकदाच.

"अक्का, तुझ्या कवड्या मधेमधेच पडतात."

"नऊच्या नऊ एकदम उताण्या कशा पडतील गं? खेळताना तसं दान पडलं तर आम्ही गूळ वाटायचो!"

"म्हणजे कवड्यांनाही आपापल्या आवडी आहेत," पंत मिशीत हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

अक्का थोडी हिरमुसली. मग उठली, खाली गल्लीत गेली आणि ओळखीच्या पानवाल्याच्या बायकोकडून ओंजळभर चिंचोके घेऊन आली. त्यातले एकसारखे दहा वेचले. चारुलतानं खिळ्यानं त्यांवर शून्य ते नऊ कोरलं. चिंचोके तांब्यात, तांब्यावर हात ठेवून हलवायचा, न बघता एक काढायचा, आकडा ओरडायचा, चिंचोका परत आत. आता शून्याला आणि नवाला सारखाच मान होता.

त्या दोन खोल्यांत मग असा काही सूर लागला की खालचा शिंपी मशीन थांबवून वर डोकावून गेला. तांब्या खुळखुळायचा, दांडा घरघरायचा, आणि अक्का दर चिंचोक्याला ओळ जोडायची:

"नऊ आला गं नऊ आला, नऊवारीचा पदर,
शून्य उभं गं दारात, त्याचा करा गं आदर."

आणि लागोपाठ दोनदा सात आला तेव्हा:

"सात आला माघारी, काय विसरून गेला?
मागच्या ओटीवरी त्याचा पंचा वाळत घातला."

"अक्का, आकडे सांग गं, पंचे नको!"

"लिहून घे ना, सात. चारे, तुझ्या दांड्याला तेल घाल, माझ्या ओवीला नको."

नव्या मोजणीत बाराव्या उदाहरणाला काही नाही. तिसाव्याला नाही. एक्केचाळिसाव्याला चारुलताचा हात थांबला. दोन उत्तरं शेजारी होती आणि सगळे आकडे तंतोतंत जुळत होते. फक्त डावीकडचा शेवटचा, सगळ्यांत मोठा आकडा पंतांच्या वाटेनं सहा होता आणि तिच्या वाटेनं सात.

पंतांनी कागद पुढे ओढला आणि हातानं गुणाकार मांडला. त्यांचं हस्ताक्षर मोत्यासारखं होतं. बराच वेळ पेन्सिल चालली. मग त्यांनी पेन्सिल ठेवली. "सात," ते म्हणाले.

चार दिवस हे चाललं. सकाळी पोहे खाऊन तिघं जमायचे, दुपारी अक्का शेव-पोळीची शिदोरी सोडायची, दिवेलागणीला कुलूप. दोनशे उदाहरणं झाली तेव्हा पाचांत फरक निघाला होता. पाचही ठिकाणी चारुलताची वाट खरी, पंतांची खोटी. पाचही ठिकाणी चूक एकाच जागी, उजवीकडून अकराव्या खिडकीत. आणि पाचही ठिकाणी बरोबर एकानं कमी.

"म्हणजे हातचा पडतोय कुठेतरी," पंत पुटपुटले. शाळेतली पोरं बेरीज करताना विसरतात तो हातचा एक.

चारुलतानं पाचांतलं एक उदाहरण घेतलं आणि पंतांच्या वाटेनं निघाली, पण अगदी हळू. एक फेरा, थांबायचं, खिडक्या बघायच्या. गाडा शतंला, काही नाही. दहंला, काही नाही. गाडा मूळ घरी आला. नववी खिडकी भरत चालली. दहावीत नऊ होता. आणखी एक फेरा. दहाव्या खिडकीतला नऊ फिरून शून्य झाला. अकरावी खिडकी ढिम्म. जशी काही शेजारी कोण राहतं ते तिला ठाऊकच नव्हतं.

तिनं गाडा एक घर सरकवला आणि पुन्हा तसाच नऊ उलटवला. आता अकरावीपर्यंत हातचा गेला, बारावीला नाही गेला. आणखी एक घर; आता बारावीपर्यंत.

"हात तोकडा आहे त्याचा!" ती ओरडलीच. "पंतकाका, याचा हात दहा घरंच पुरतो. गाडा मूळ घरी असला की दहाव्या खिडकीपर्यंत हातचा देतो, पुढे हात पोचत नाही. गाडा सरकला की हातही सरकतो. मी खालून वर जाते, म्हणजे मोठी घरं भरायची वेळ येते तेव्हा गाडा तिकडेच सरकलेला असतो, हात पोचतो. तुम्ही मोठी घरं आधी भरता आणि मग गाडा मागे आणता. बहुतेक वेळा चालून जातं. पण मागून हातचा धावत आला आणि दहाव्या घरात नऊ बसलेला असला, की पुढे द्यायला कोणी नाही."

"आणि एकशे आठ गुणिले अकरामध्ये..." पंत सावकाश म्हणाले.

"हातचा निघतच नाही. एकवीस-एक्कावन्नला निघतो, पण चौथ्या घरातच थांबतो. शुभ आकडे कुणाला काही मागत नाहीत."

अक्कानं टाळी वाजवली. पंत मात्र खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली टांगेवाले ओरडत होते. चारुलताचा आनंद अर्ध्यावर थबकला. मशीन वाचलं होतं, शाखा वाचेल, तिची खुर्ची वाचेल. पण मशीन खरं ठरलं की कोजागरीची सप्तमी कुणाची, हे साहेब विचारणारच. पंतांना पेन्शनला दोन वर्षं राहिली होती.

"काका," ती म्हणाली, "मी साहेबांना फक्त मशीनचं सांगीन. कोण कसं फिरवतं ते नाही सांगणार."

"आणि ते विचारतील तेव्हा?" पंत वळले नाहीत. "पोरी, चार दिवस दांडा फिरवून हात सुजवलास, आणि उत्तर अर्धंच सांगणार? जा. अक्कांना घरी ने. त्यांचा घसा बसलाय."

मंगळवारी भटनागरसाहेब आले ते घाईतच. स्टेशनवरून टांगा उभा ठेवून आले होते. "हाँ तो? कबाड़वाला नीचे बुला लूँ?"

"साहेब, मशीन कुठे चुकतं ते मला माहीत आहे," चारुलता म्हणाली. तिला हिंदी येत होती, पण भीतीनं मराठीच बाहेर पडली. मग तिनं स्वतःला सावरलं. "चूकता है, लेकिन नियम से चूकता है. जो नियम से चूके, उसको पकड़ सकते हैं."

साहेबांना ते वाक्य आवडलेलं दिसलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतः दांडा धरला. आधी स्वतःच्या मनातले आकडे घातले: मोटारीचा नंबर, परीक्षेतला रोल नंबर, कुणाची तरी जन्मतारीख. वरून खाली, खालून वर. सगळं बरोबर. "कहाँ चूकता है? यह तो ठीक चल रहा है."

"आपके आकडे आपके घर के हैं, साहेब. ये लीजिए." तिनं दोनशे कागदांचा गठ्ठा पुढे केला. "इनमें से पाँच पे चूकता है. लाल निशान वाले. कोई एक निकालिए, मुझे मत दिखाइए. बड़े अंक से शुरू कीजिए. मैं सिर्फ खिड़कियाँ देखूँगी."

साहेबांनी लाल खुणेचा एक कागद ओढला, छातीशी धरला, खुंट्या लावल्या. गाडा शतंला. घर्र, घर्र, घर्र. दहंला. चारुलताचे डोळे खिडक्यांवर. गाडा मूळ घरी. एक फेरा. दुसरा. दहाव्या खिडकीत नऊ, नववीतही नऊ.

"थांबा!"

साहेब दचकून थांबले.

"अब जो फेरा देंगे, उसमें दसवीं में शून्य आएगा, और ग्यारहवीं अपनी जगह से नहीं हिलेगी. एक कम रह जाएगा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग दांडा फिरवला. दहावीत शून्य. अकरावी ढिम्म. त्यांनी कागदावरच्या खऱ्या उत्तराशी ताडून पाहिलं. एक कमी.

"फिर से," ते म्हणाले. दुसरा लाल कागद. या वेळी तिनं पाचव्या फेऱ्याआधी बोट वर केलं. तिसऱ्याला त्यांनी मुद्दाम खालून वर केलं आणि तिच्याकडे तिरपं बघितलं. तिनं बोट वर केलंच नाही. उत्तर बरोबर आलं.

आता साहेब हसायला लागले. टांगेवाल्यानं खालून हाक मारली, ती त्यांनी ऐकलीच नाही. "अरे वाह. बिना किताब के? ये सब आपने कैसे..." मग त्यांचं हसू थांबलं आणि ते पंतांकडे वळले. "मतलब मशीन तो ठीक थी. पंडितजी, आप बड़े अंक से क्यों शुरू करते थे?"

चारुलतानं कागदांचा गठ्ठा उगाच सारखा केला.

पंत उठले. धोतराचा सोगा नीट केला. "साहेब, मोठ्याला आधी मान, म्हणून. आमच्याकडची रीत आहे. आठ साल मैंने मशीन को अपनी रीत सिखाई, उसकी रीत नहीं पूछी. इस लड़की ने पूछी." त्यांनी मशीनवर हात ठेवला. "चार रात सोचता रहा, की बड़े को आखिर में कैसे बिठाऊँ. फिर याद आया. लग्नात पाहुण्यांच्या पंगती उठतात, पोरं जेवतात, वाढपी जेवतात, आणि घरचा कर्ता माणूस सगळ्यांत शेवटी पानावर बसतो. त्यात त्याचा अपमान नसतो. सगळ्यांचं झालं की नाही ते बघायला तोच तर लागतो."

साहेबांना सगळं मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली. "कर्ता आखिर में. ठीक है. सप्तमी काटकर पूर्णिमा लिखवा दीजिए, पंडितजी, अपने हाथ से. छपा तो नहीं है ना अभी?"

"नाही, कच्चंच पान आहे," पंत म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

साहेबांनी यादीतली ओळ खोडली. मग जाता जाता जिन्यावर थांबून चारुलताला म्हणाले, "लिख दीजिए यह सब. किताब बना दीजिए. लेकिन नियम कम, उदाहरण ज़्यादा. नियम कोई नहीं पढ़ता."

पुस्तक लिहायला तिला वीस दिवस लागले. पहिलं उदाहरण कोणतं घालायचं यावर पंत आणि ती तीन दिवस भांडली. पंतांना एकशे आठ गुणिले अकरा हवं होतं, "सुरुवात तरी मंगल असू दे." तिला सातशे एकोणसाठावा दिवस. शेवटी दोन्ही घातली, समोरासमोरच्या पानांवर: इकडे मशीन कधी चुकत नाही ते, तिकडे चुकतं ते. पंत म्हणाले, ही तर वधूवरांची जोडी झाली. मराठीतली प्रत अक्कानं वाचली आणि तिला त्यात एकही ओळ यमकात सापडली नाही म्हणून नाक मुरडलं.

नोव्हेंबर आला. कचेरीच्या पाटीवरचं मध्यभारत पुसून मध्यप्रदेश रंगवलं गेलं. रंगाऱ्यानं शेवटची अक्षरं जागा न उरल्यानं दाटीवाटीनं बसवली. महिन्याच्या शेवटी भोपाळहून लिफाफा आला. पंचांग शाखा उज्जैनलाच राहील. गणकाची दोन पदं कायम. दुसऱ्या पदावर कुमारी चारुलता. आणि खाली आणखी एक परिच्छेद: विलीन झालेल्या निरनिराळ्या संस्थानांच्या कचेऱ्यांत अशीच तीन यंत्रं सापडली असून, कोणाचंच माहितीचं पुस्तक उपलब्ध नसल्यामुळे, ती उज्जैन शाखेकडे रवाना करण्यात येत आहेत.

चारुलतानं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा स्वतःच्या नावासाठी. दुसऱ्यांदा शेवटच्या परिच्छेदासाठी, आणि या वेळी जास्त सावकाश.

"तीन!" पंत म्हणाले. "तिघांचे तीन स्वभाव असणार. पोरी, पेन्शन मला काही सुखानं मिळायची नाही."

पार्सल आल्याची चिठ्ठी आली त्या दिवशी ती, पंत आणि अक्का तिघंही स्टेशनवर गेले. अक्काला कोणी बोलावलं नव्हतं, ती शाल पांघरून आपणहून टांग्यात बसली होती. पार्सल कचेरीच्या ओट्यावर थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं. तिन्ही खोकी उतरवली. हमालानं पहिल्याच्या खिळ्यांना पहार लावली, फळी करकरत निघाली, वाळल्या गवताचा वास आला.

आतलं मशीन हिरवं होतं, पूर्वीच्यापेक्षा रुंद. खुंट्या ओळखीच्या, दांडा ओळखीचा, खिडक्या ओळखीच्या. पण डाव्या अंगाला, बोटाएवढी, एक पितळी कळ होती. तशी कळ तिघांनीही कधी पाहिली नव्हती.

"हात लावू नको, आधी कचेरीत नेऊ," पंत म्हणाले.

"कशाची असेल?" अक्का वाकून बघत होती.

"माहीत नाही," चारुलता म्हणाली, आणि ओट्यावर गुडघे टेकून तिनं ती कळ खाली ओढली.